ट्रेजनचा स्तंभ रोमपेक्षा लंडनमध्ये नीट वाचता येतो

रोममध्ये सम्राट ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी उभं राहिलं, तर स्तंभाभोवती फिरत वर जाणाऱ्या कोरीव पट्टीचे खालचे काही वेढे दिसतात. त्यापुढे मान अवघडते आणि कोरीवकाम नुसतं खडबडीत वाटू लागतं. इसवी सन 113 मधल्या या स्तंभावर ट्रेजनच्या डेसियावरच्या, म्हणजे मुख्यतः आजच्या रोमानियातल्या प्रदेशावरच्या, दोन स्वाऱ्या (101–102 आणि 105–106) कोरल्या आहेत. 23 वेढे, जवळपास 200 मीटर लांबीची पट्टी, अडीच हजारांहून जास्त आकृत्या. हे सगळं पाहायचं तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कास्ट कोर्ट्समधली (साच्यातून काढलेल्या प्रतिकृतींच्या दालनांमधली) प्लास्टरची प्रतिकृती सरस आहे. प्रवेश मोफत, वेळ 10 ते 5.45, शुक्रवारी रात्री 10 पर्यंत.

फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने 1860 च्या दशकात मूळ स्तंभाचे साचे करवून घेतले होते, त्यांतून ही प्रतिकृती आली. त्यानंतरच्या शतकात रोमच्या प्रदूषणाने संगमरवर झिजला, त्यामुळे काही बारकावे आता इथेच जास्त स्पष्ट आहेत. दालनाची उंची कमी पडल्याने स्तंभाचे दोन तुकडे करून शेजारी-शेजारी उभे केले आहेत. कथेचा धागा मध्येच तुटतो, हे खरं. पण त्यामुळेच स्तंभाच्या मधले वेढे खूप खाली येतात, आणि ते रोममध्ये खालून दिसत नाहीत.

वाचण्याची दिशा आधी लक्षात घ्या. वीरगळासारखं खालून वर जायचं, पण प्रदक्षिणेच्या उलट, स्तंभ डाव्या हाताला ठेवून फिरायचं. पहिला तुकडा जोत्यासकट असल्याने पट्टी डोक्याच्या बऱ्याच वर सुरू होते. अगदी जवळ गेलात तर फसाल. थोडं मागे सरा, मग वरच्या मजल्यावरच्या सज्जातून पुन्हा पाहा. 8 पटीची दुर्बीण पुरते. 10 च्या पुढे हात हलला की चित्र हलतं. 1 ते 155 असे प्रसंगांचे रूढ क्रमांक आहेत. त्यांचा तक्ता छापून न्या, नाहीतर दुसऱ्या तुकड्यापाशी आपण नेमके कुठे आहोत हेच कळत नाही.

लढाया शोधत बसू नका. पट्टीचा मोठा भाग बांधकाम, कूच, यज्ञ आणि भाषणांचा आहे. डॅन्यूब नदीचा देव पाण्यातून वर येऊन होड्यांच्या पुलावरून जाणारं सैन्य पाहतो. त्यानंतर पट्ट्यांचं चिलखत घातलेले लीजनचे, म्हणजे रोमच्या मुख्य पायदळाचे, सैनिक जंगल तोडतात, तटबंदी उभारतात. प्रत्यक्ष लढण्यात बहुतेकदा साहाय्यक, म्हणजे मुख्यतः रोमन नागरिक नसलेल्यांच्या, पलटणी पुढे असतात. जिंकलेल्या मुलखाला रोमन माणूस शिस्त लावतो, हेच या चित्रांना ठसवायचं आहे. अनेक मुठी रिकाम्या दिसतात, कारण त्यांतली धातूची शस्त्रं केव्हाच नाहीशी झाली.

डेसियन मात्र हीन दाखवलेले नाहीत. सरदारांच्या डोक्यावर टोप्या, अंगात विजारी, चेहऱ्यावर दुःख. 145 व्या प्रसंगात राजा डेसेबलस झाडाखाली स्वतःचा गळा चिरतो. रोमन घोडेस्वार हात लांब करतो, पण उशीर झालेला असतो. एवढ्या एका प्रसंगासाठी दुर्बीण सोबत आणावी. अगदी वरच्या वेढ्यात बोचकी घेतलेली माणसं आणि शेवटी नुसती गुरं-मेंढरं चाललेली आहेत. ते लोक हाकलले जात आहेत की परतत आहेत, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.