आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाक्या: वर्षभराचा अनुभव (आणि एका खोटारड्या पॅनेलची तक्रार)

"ऑपरेटिंग अ‍ॅज डिझाइन्ड", म्हणजे जसं बनवलंय तसंच चालतंय. डीलरच्या सर्व्हिस सेंटरने कागदावर एवढं लिहिलं आणि खाली तपासणीचे १८५ डॉलर लावले. आमची आरव्ही म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, एक ट्रेलर. तिच्या टाक्या किती भरल्या ते दाखवणारं एक पॅनेल आत असतं. माझी तक्रार साधी होती. मैल्याची टाकी रिकामी करून, आतून पाण्याने खळाळून धुतली तरी पॅनेल तिला दोन-तृतीयांश भरलेली दाखवतं. पैसे मुकाट्याने दिले, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचं डिझाइनच तसं आहे, आणि माझा सगळा राग त्या डिझाइनवर आहे.

ट्रेलर २२ फुटी. चांगलं पाणी ४० गॅलन, सांडपाणी (मोरी आणि शॉवरचं) ३०, मैला (टॉयलेटचा) ३०. ब्रँड सांगत नाही, कारण या एका बाबतीत सगळे एका माळेचे मणी आहेत. बाकी ट्रेलर झकास आहे. बेड, एसी, फ्रिज यांवर इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं सापडेल, ते इथे नाही.

आता ते पॅनेल. टाकीच्या भिंतीतून आत काही स्क्रू गेलेले असतात, एकाच्या वर एक. पाणी जिथवर चढतं तिथवरच्या स्क्रूंमधून बारीकसा करंट जातो आणि आत स्वयंपाकघराच्या वर तेवढे दिवे लागतात. कल्पना म्हणून ठीक आहे. पण टॉयलेट पेपरचा एक ओला तुकडा मधल्या स्क्रूला चिकटला, किंवा भिंतीवर साबण आणि तेलाचा ओशट थर बसला, की पाणी नसतानाही करंट जातो आणि दिवा लागतो. एकदा लागला की जाता जात नाही. बरं, सगळं ठाकठीक चाललं तरी हे यंत्र सांगणार काय, तर एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश, फुल. ३० गॅलनच्या टाकीत एक-तृतीयांश म्हणजे १० गॅलन, जवळजवळ ३८ लिटर. एवढ्या ढोबळ मापाने आमच्याकडे कोणी दूधसुद्धा घेणार नाही.

सर्व्हिसवाल्याशी तासभर हुज्जत घातली. वॉरंटीत "सेन्सर निकामी" बसतं, "सेन्सर मळला" बसत नाही. मैल्याच्या टाकीत बसवलेला सेन्सर मळणार नाही तर काय चंदनाचा लेप लावून बसणार? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, सल्ले मात्र होते. टाकीत अर्धं पाणी आणि भांड्यांचा साबण घालून घाटातून गाडी चालवा. चालवली. पुढचे दोन शनिवार-रविवार दिवे बरोबर होते, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. दुसरा सल्ला, बर्फाच्या दोन पिशव्या टाकीत ओता, खडे आत घासून साफ करतील. बर्फ तरंगतो. तो तळ आणि भिंती काय घासणार? हा उपाय मी केला नाही आणि तुम्हीही चार डॉलर वाचवा.

शेवटी गार्नेट या कॅनडाच्या कंपनीचं सीलेव्हल घेतलं, म्हणजे टाकीची पातळी मोजणारं वेगळं यंत्र. अडीचशे डॉलरच्या आसपास पडलं आणि मला आठवडाभर झोप लागली नाही, कारण जे काम फुकट मिळालेल्या पॅनेलने करायचं त्यासाठी वेगळे अडीचशे का मोजायचे? पण वस्तू खणखणीत आहे. त्याची सेन्सरची पट्टी टाकीला बाहेरून चिकटते, आतल्या घाणीशी तिचा संबंधच येत नाही. कात्रीने टाकीच्या उंचीएवढी कापायची, जागा घासून कोरडी करायची, दाबून चिकटवायची. त्रास फक्त एक: ट्रेलरच्या पोटाला खालून काळा प्लॅस्टिकचा पत्रा असतो, तो सोडवावा लागतो. पाठीवर झोपून, तोंडावर माती घेत. त्याच्या पॅनेलवर बटण दाबलं की टक्क्यांत आकडा येतो. ३७. ४१. दिव्यांची भानगडच नाही.

आणि टक्के दिसायला लागल्यावर माझं मतच फिरलं. तोवर सगळी काळजी मैल्याच्या टाकीची होती, नवीन माणसाला तीच असते. प्रत्यक्षात चार माणसांत ती आठवडाभर आरामात जाते. तिसऱ्या दिवशी गळ्याशी येते ती सांडपाण्याची. शॉवरमधून मिनिटाला साधारण दोन गॅलन पाणी येतं, म्हणजे मुलीची पाच मिनिटांची अंघोळ ही ३३ टक्के. आकडा दाखवल्यावर तिने शॉवरच्या मुठीवरचं पॉझ बटण स्वतःहून वापरायला घेतलं. मी इतके दिवस ओरडून जे झालं नव्हतं ते पॅनेलने एका दिवसात केलं.

मोरीपाशी मोठा फरक आईमुळे पडला. ती उन्हाळ्यात तीन महिने आली होती. माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यात, उमेदीची वर्षं टँकरच्या रांगेत गेलेली. आमच्या पद्धतीने, म्हणजे नळ सोडून, रात्रीची भांडी घासली की आकडा १२-१३ टक्क्यांनी चढायचा. आईने पहिल्याच दिवशी नळ बंद केला. खरकटं आधी कागदाने पुसून कचऱ्यात. एका भगुण्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं, आणि शेवटी विसळलेलं पाणीच उद्याच्या घासण्याला ठेवायचं. आकडा चार टक्के. मी दोनदा बटण दाबून बघितलं.

खरकटं पुसण्याचा फायदा पाण्यापुरता नाही. आपला स्वयंपाक म्हणजे फोडणीचं तेल, डाळ, भाताची पेज. हे सगळं टाकीत गेलं की तीन दिवसांत असा वास सुटतो की मैल्याची टाकी बरी वाटावी. तेल भिंतीला धरतं, पेज तळाशी बसते. आता आमच्याकडे नियमच आहे, तेलकट कढई पुसल्याशिवाय मोरीत जाणार नाही.

पण आईची एक गोष्ट अंगाशी आली असती. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला कुठल्याच साइटवर पाण्याचं किंवा गटाराचं कनेक्शन नाही. फक्त कॅम्पग्राउंडपाशी डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा आहे, ते वर्षभर चालू असतं. तिथे सकाळी आईने भगुण्यातलं पाणी समोरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं. रेंजर बाई नेमक्या रस्त्यावरून चालल्या होत्या. थांबून सौम्यपणे सांगितलं की इथे जमिनीवर सांडपाणी ओतायला बंदी आहे, अन्नाच्या वासाने अस्वलं येतात. मी आईला समजावलं. "आरं, झाडालाच घातलं की. वाया कुठं गेलं?" माणच्या बाईला झाडाला पाणी घालणं गुन्हा आहे हे पटवून द्यायला मला दुपार लागली. शेवटी अस्वल या शब्दाने काम झालं. त्यानंतर ते भगुणं थेट मोरीत रिकामं होऊ लागलं, आणि ती प्रत्येक वेळी पॅनेलचं बटण दाबून आकडा वाचायची.

मैल्याच्या टाकीबद्दल थोडक्यात, कारण जेवणाआधी वाचणारेही असतील. टाकी सोडायचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा, अगदी गटाराचं कनेक्शन असलेली साइट मिळाली तरी. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मागे राहून टॉयलेटच्या बरोबर खाली त्याचा ढीग बसतो. टाकी भरत आली की एकदम सोडायची, आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइप साबणाच्या पाण्याने धुतला जातो. रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी आत घालून ठेवायचं. आपल्या लोकांना एक आयता फायदा आहे: आपण पाणी वापरतो. मी टॉयलेटला हँड स्प्रे बसवला. कागद जवळजवळ जातच नाही आणि तुंबण्याचा प्रश्नही आलेला नाही. शेजारच्या साइटवरचे आजोबा कागदाची कुठली जात लवकर विरघळते यावर मला अर्धा तास सांगत होते, मी मान डोलावत राहिलो.

वास मारायला टाकीत घालायच्या केमिकलबद्दल माझं मत वर्षात दोनदा बदललं. सुरुवातीला महागड्या पुड्यांचा डबा आणला. हिवाळ्यात एकदा तो घरी राहिला, आणि वासात काडीचा फरक नाही. ठरवलं, हा सगळा फसवण्याचा धंदा. मग मार्चच्या शेवटी डेथ व्हॅलीच्या वाळवंटात गेलो, दुपारचं ऊन चढलं आणि दुसऱ्याच दिवशी बायकोने पुड्या कुठे आहेत विचारलं. तेव्हा आता असं: उन्हाळ्यात एन्झाइमवाली अर्धी पुडी, थंडीत काही नाही. फॉर्माल्डिहाइड असलेली घेऊ नका. ती वास मारते, पण सेप्टिक टाकीतले जिवाणूही मारते, आणि बऱ्याच लहान कॅम्पग्राउंडांचं डंप स्टेशन सेप्टिकवरच चालतं.

आता सांडपाणी डंप स्टेशनपर्यंत ओढून न्यायची चाकांची निळी टाकी. जुने आरव्हीवाले हिला ब्लू बॉय म्हणतात. १५ गॅलनची, ट्रेलरसोबत डीलरने "फुकट" दिलेली, म्हणजे किमतीत कुठेतरी घुसवलेली. पहिले काही महिने ती गॅरेजमध्ये अडगळ होती आणि मी विकायला काढली होती. बरं झालं गिऱ्हाईक आलं नाही. वीज-पाणी आहे पण गटार नाही अशा साइट रात्रीला दहा-पंधरा डॉलर स्वस्त पडतात. तिथे आठवडा राहायचं तर तिसऱ्या दिवशी ट्रेलर गाडीला जोडून, जॅक उचलून, डंप स्टेशनला नेऊन, पुन्हा आणून लेव्हल करा. किंवा ही निळी टाकी लावा. माझ्या हिशोबात तिने स्वतःची किंमत केव्हाच वसूल केली.

पण १५ गॅलन भरले की ती ५७ किलो होते, खडीवरून ओढताना कंबरेचा काटा ढिला होतो. तिचा हुक गाडीच्या हिचला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेला लावून पाच मैलांच्या वेगाने नेता येते, त्याहून जोरात नाही. आणि ट्रेलरची टाकी ३०, हिची १५, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर बंद झालाच पाहिजे. इथे सीलेव्हलचे अडीचशे पुन्हा वसूल. बायको आत पॅनेलपाशी, मी बाहेर व्हॉल्व्हच्या दांड्याला हात लावून. ती ओरडते, "साठ... अठ्ठावन्न... बंद कर!" पन्नासवर नाही, पंचावन्नवर बंद करायचा, कारण पाइपमध्ये अजून पाणी असतं. ते शेवटचं पाणी पायावर आलं तर ते पाणी कुठलं आहे हे आठवून दिवस खराब होतो. मैल्यासाठी निळी टाकी मी वापरत नाही. ती वेळ येऊ देत नाही.

दुसरी तक्रार, पॅनेलच्या मानाने लहान: सांडपाण्याचा व्हॉल्व्ह केबलने ओढायचा आहे. आठ-दहा महिन्यांत केबल इतकी जड झाली की पाय ट्रेलरला टेकवून ओढावं लागतं, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्याने टोपी उघडली की मनगटावर ओघळ. सर्व्हिस सेंटरला याही वेळी "डिझाइन्ड" म्हणायची संधी मी दिली नाही. पाइपच्या तोंडाला वळवून बसणारा दुसरा व्हॉल्व्ह मिळतो, तीस डॉलरच्या आत. तो बसवला. त्याच्या पुढे पारदर्शक एल्बो (पाइपचा वाकडा तुकडा) लावला, म्हणजे पाइपात काय चाललंय ते दिसतं आणि स्वच्छ पाणी यायला लागलं की थांबता येतं. ज्यांचा ट्रेलर नवा आहे त्यांनी हा व्हॉल्व्ह पहिल्या आठवड्यातच बसवावा, केबल खराब होण्याची वाट बघू नये.

वासाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून शेवटी एवढंच. टाकीची हवा छतावरच्या नळीतून जाते. बाथरूमचा पंखा चालू असताना टॉयलेटचं पेडल दाबलं तर पंखा टाकीतलीच हवा आत ओढतो. आधी पंखा बंद, मग पेडल, झाकण पडलं की पंखा पुन्हा चालू. आणि मोरीखालून वास येत असेल तर टाकीला दोष देण्याआधी तिथला हवेचा छोटा प्लॅस्टिक व्हॉल्व्ह बदलून बघा. हार्डवेअरच्या दुकानात सहा-सात डॉलरला मिळतो, हाताने फिरवून निघतो, सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही.