माझ्या नावावर दुसऱ्याचा कोड

मुलाखत सुरू होऊन दहा-अकरा मिनिटं झाली असतील. समोरच्या बाईंनी स्क्रीन शेअर केली, माझ्या प्रकल्पाची रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा, उघडली आणि शांतपणे विचारलं, "यातला पहिला कमिट, म्हणजे पहिला नोंदवलेला बदल, तुमचाच का?" मी हो म्हटलं. त्यांनी तारीख दाखवली. मी कोडिंग शिकायला लागले त्याच्या तीन वर्षं आधीची तारीख होती ती, आणि लेखकाच्या जागी कुणा अनोळखी माणसाचं नाव होतं.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगते. लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट हे कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन बनवलं. त्यात प्रत्येक बदलासोबत तो कुणी केला आणि कधी केला याची नोंद राहते. कोर्समध्ये आम्हाला एक लिंक देऊन सांगितलं होतं, "हे क्लोन करा, शीर्षकात आपलं नाव टाका, आपल्या खात्यावर पुश करा. झाला तुमचा पोर्टफोलिओ." म्हणजे दुसऱ्याच्या कोडची प्रत उतरवून घ्यायची, आपल्या खात्यावर चढवायची आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करतात त्या खिडकीत, गिट लॉग एवढे दोन शब्द टाइप केले असते तर सगळा इतिहास डोळ्यांसमोर आला असता. पण ते दोन शब्द आम्हाला कुणी शिकवलेच नव्हते. "हाच प्रकल्प या महिन्यात मी चौथ्यांदा बघतेय," मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं.

मी इतिहासाची पदवीधर. नऊ वर्षं एका कार्यालयात पत्रव्यवहार आणि नोंदी सांभाळल्या, मग मुलगी लहान म्हणून चार वर्षं घरी होते. परत कामाला लागायचं ठरवलं तेव्हा एक जाहिरात दिसली: फक्त महिलांसाठी बॅच, पूर्वज्ञानाची गरज नाही, सहा महिन्यांत नोकरीची हमी. फॉर्म भरला आणि तासाभरात फोन आला.

बोलणारा माणूस मला पहिल्या वाक्यापासून ताई म्हणत होता. त्यानं आधी माझं सगळं ऐकून घेतलं. चार वर्षांत मला इतकं नीट कुणी विचारलं नव्हतं, हे मला आज कबूल करायला हवं. "ताई, कोडिंग म्हणजे गणित नव्हे, तर्क. घर चालवणाऱ्या बाईइतका तर्क कुणाकडे असतो?" मग त्यानं १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक संगणकाची गोष्ट सांगितली. त्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं होतं, म्हणाला. संगणकाच्या सुरुवातीच्या काळातल्या प्रोग्रॅमर ग्रेस हॉपर यांचं नाव घेतलं. हे सगळं खरं आहे. मी नंतर वाचलं. त्या सहाजणींना सुरुवातीला यंत्राजवळ जायचीही परवानगी नव्हती, माहितीपुस्तिका नव्हती, नुसत्या आराखड्यांवरून त्या यंत्र समजून घेत गेल्या. त्यांतल्या बेटी स्नायडर यांचं शिक्षण पत्रकारितेचं होतं. मला खरा धीर देणारी गोष्ट ही होती, आणि तो नेमकी हीच बोलला नाही. तो म्हणाला, "पण एकटीनं नाही जमायचं, ताई. मधेच सोडून देतात सगळ्या."

त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. आधी कौतुक करायचं आणि त्याच दमात भीती घालायची. बाहेरच्या क्षेत्रातून येणाऱ्या बाईकडे मोजपट्टी नसते. शिकणं चांगलं चाललंय की वाईट हे तिला कळायला मार्ग नसतो, आणि नाही जमलं तर ती आधी स्वतःलाच दोष देते.

पुढचं सगळं झटपट झालं. दहा प्रश्नांची अभियोग्यता चाचणी दिली, निकाल 'उत्कृष्ट'. (पुढे माझ्या धाकट्या बहिणीनं प्रश्न न वाचता उत्तरं टिचकवली, तिलाही 'उत्कृष्ट'च.) मग महिला शिष्यवृत्ती, तीही रात्री बारापर्यंतच. जागा पक्की करायला फोनवर आलेला ओटीपी सांगायचा होता. मी सांगितला. तो ओटीपी म्हणजे एका तिसऱ्याच वित्तसंस्थेच्या कर्जकरारावरची माझी सही होती. मी ज्याला फीचे हप्ते समजत होते ते कर्जाचे हप्ते होते. संस्थेला पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात मिळाली होती. मी शिको, न शिको, कोर्स बंद पडो, हप्ता माझ्याच खात्यातून जाणार होता. करार ईमेलवर आला होता, एकोणीस पानांचा. मी तो चार महिन्यांनी उघडला.

वर्ग थेट होतील असं सांगितलं होतं. आले ते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आणि शंकांसाठी एक ग्रुप. त्यात दोनशेच्या वर बायका आणि दोन मार्गदर्शक. त्यातला एक आमच्याच कोर्समधून तीन महिन्यांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा होता, हे बरंच उशिरा कळलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही नोकरीची हमीच दिली होती, आणि ती नोकरी म्हणजे आम्हाला उत्तरं देणं.

तिसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट अडली. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत अवतरणात लिहिलेल्या, म्हणजे मजकूर समजल्या जाणाऱ्या, ५ मध्ये साधा ३ मिळवला तर उत्तर ५३ येतं, आणि त्याच अवतरणातल्या ५ मधून ३ वजा केला तर २ येतं. मी ग्रुपवर विचारलं, असं का? उत्तर आलं, "ते पुढे येईल, आत्ता हा कोड पेस्ट करा, चालेल." कोड चालला. पुढे ते कधीच आलं नाही. मी आणखी दोनदा विचारलं, तेव्हा मार्गदर्शकानं लिहिलं, "मॅडम, एवढ्या खोलात गेलात तर मागे पडाल." दोनशे जणींसमोर. त्यानंतर मी विचारणं सोडलं. आम्हा सगळ्यांचे प्रकल्प चालत होते, बटणं दाबली जात होती, पानं उघडत होती, आणि आपल्याला येतंय असं प्रत्येकीला वाटत होतं. कोरं पान उघडून एक ओळसुद्धा स्वतःहून लिहिता येत नाही हे कळायला कोरं पान उघडावं लागतं. ते त्यांनी कधी उघडूच दिलं नाही.

हमीचं काय झालं? करारात 'नोकरी' हा शब्दच नव्हता, 'संधी' होता. मुलाखतीची लिंक पाठवली की एक संधी धरायची. बिनपगारी इंटर्नशिप हीसुद्धा संधी, आणि ती नाकारली की हमी रद्द. हजेरी ९५ टक्के हवी, दर आठवड्याला १५ अर्जांचे पुरावे हवेत, आणि परताव्याची मागणी मुदत संपल्यापासून सात दिवसांत करायची. एवढ्या अटींतून पार पडलेली एकही बाई मला भेटली नाही.

आता जे सांगायला सगळ्यात जड जातं ते. दुसऱ्या आठवड्यात पुढचा भाग उघडण्यासाठी अभिप्राय लिहिण्याची अट होती, पाच ताऱ्यांचा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. मी लिहिला. मनापासून लिहिला, कारण तेव्हा मला आशा होती. 'गृहिणीचाही आत्मविश्वास परत येतो' हे माझंच वाक्य. मुलाखतीनंतर आठ दिवसांनी एका अनोळखी बाईचा मेसेज आला: "तुमचं वाचून मी प्रवेश घेतला, तुम्हाला नोकरी लागली का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे पैसे गेले ते माझे होते. तिचे माझ्या शब्दांवर गेले.

मी अभिप्राय बदलून काय घडलं ते लिहिलं, दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. संस्थेला आणि कर्ज देणाऱ्यांना फोनवर नाही, लेखी कळवलं. जाहिरात, चॅट, ओटीपी आल्याची वेळ, करार, सगळं जोडलं. चार महिन्यांच्या लेखी पाठपुराव्यानंतर उरलेले हप्ते माफ झाले. भरलेले परत मिळाले नाहीत. ग्रुपमधून निघायच्या आधी चॅट उतरवून ठेवलं म्हणून एवढं तरी झालं. तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा कोर्समध्ये असाल तर आजच ते करा. आणि अजून सही केली नसेल तर दोनच गोष्टी मागा: कर्ज कोण देतंय त्याचं नाव, आणि करार रद्द करायची मुदत किती दिवसांची, हे लिहून द्या म्हणावं. माझ्या ओळखीच्या तिघींनी हे विचारलं, तिघींनाही पुन्हा फोन आला नाही.

नंतर मी शिकले ते फुकट. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस ५० हा संगणकशास्त्राचा कोर्स ऑनलाइन सगळ्यांना खुला आहे आणि कधीच प्रोग्रॅमिंग न केलेल्या माणसाला घेऊनच तो सुरू होतो, आधी स्क्रॅच ही ठोकळे जोडून लिहायची सोपी भाषा, मग सी ही भाषा. फ्री कोड कॅम्प ही २०१४ पासून चालणारी ना-नफा संस्था, तिची प्रमाणपत्रंही मोफत. वेळ जास्त लागला. एक एरर सोडवायला कधी दोन संध्याकाळी गेल्या, आणि ते शिकणंच होतं.

५३ चं कोडंही सुटलं. अधिकचं चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये दोन कामं करतं: बेरीज करतं आणि मजकूर जोडतं. एका बाजूला मजकूर असला की ते जोडायचं काम करतं. वजाचं चिन्ह फक्त आकड्यांचं, म्हणून ते मजकुरातल्या ५ चा आकडा करून घेतं. तीन वाक्यांचं उत्तर होतं. दोनशे जणींना ते एकदा सांगायला दोन मिनिटं लागली असती.

मेसेज पाठवणाऱ्या त्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला, माफी मागितली आणि सगळं सांगितलं. त्यांच्या करारात रद्द करायला चौदा दिवस होते, त्यातला तो अकरावा होता. आम्ही दोघींनी मिळून ईमेल लिहिला. त्यांचं कर्ज रद्द झालं. आता रविवारी सकाळी आम्ही तासभर एकत्र बसतो, दोघींसमोर कोरं पान असतं, आणि गेल्या रविवारी त्यांनी मला विचारलं की रिकाम्या मजकुरात शून्य मिळवलं तर काय येईल. मी म्हटलं, चालवून बघू.