पासष्टीच्या पुरुषांसाठी एनएचएसची महाधमनी तपासणी: काम चोख, पण बीपीवाल्या बायकांचं काय?

इंग्लंडमध्ये एप्रिल ते मार्च या वर्षात पासष्टी गाठणाऱ्या पुरुषाला एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पत्र येतं: पोटातल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगा आला आहे का, ते एकदा बघून घ्या. पैसे लागत नाहीत. 2009 ला सुरू झालेली ही सेवा 2013 पर्यंत इंग्लंडभर पोचली.

उपाशी जायची गरज नाही, बीपीची गोळीही चुकवायची नाही. शर्ट वर करून उताणं झोपायचं. पोटावर गार जेल लावतात आणि छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत सोनोग्राफीचा प्रोब (हातात धरायचं यंत्र) फिरवतात. पडद्यावर मणक्यापुढे धडधडणारं काळं वर्तुळ दिसतं, ती महाधमनी; त्याची रुंदी उभ्या आणि आडव्या छेदात मोजतात. दहा-पंधरा मिनिटांत आकडा तिथल्या तिथे कळतो. 3 सेंमीच्या आत असेल तर पुन्हा बोलावत नाहीत. त्यापुढे नियमित मोजणी, 4.5 पासून दर तीन महिन्यांनी. 5.5 झाला की थेट रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे.

घोळ होतो तो मोजणीत. आतड्यातला गॅस किंवा सुटलेलं पोट आड आलं की धमनी दिसतच नाही, मग दुसऱ्या दिवसाची वेळ घ्यावी लागते. प्रोब तिरका धरला तर वर्तुळाचं अंडं होतं आणि आकडा उगाच फुगतो. शिवाय एनएचएसच्या या तपासणीत धमनीच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. दुसरीकडे बाहेरून बाहेर मोजलं की तीच धमनी दोन-चार मिलिमीटर मोठी भरते, आणि घरचे विनाकारण घाबरतात. म्हणून मोजणी कुठल्या पद्धतीची, हे विचारून रिपोर्टवर लिहून ठेवा.

आमची खरी तक्रार पत्राच्या यादीबद्दल आहे. ती फक्त वय आणि लिंग बघते. वर्षानुवर्षं बीपी असलेली, सिगारेट ओढणारी, वडिलांना हाच आजार झालेली बाई त्यात नाही. बायकांमध्ये हा फुगा कमी आढळतो हे खरं, पण तो कमी रुंदीतच फुटतो. अशा बाईने जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, स्वतःहून विषय काढावा. पत्र हुकलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषाला मात्र थेट फोन करून वेळ घेता येते.

फुगा लहान निघाला तर सिगारेट आधी बंद. बीपीच्या गोळीने फुगा आटत नाही. ती हृदय आणि मेंदूसाठी चालूच ठेवायची.

भारतात असं पत्र येत नाही. आई-वडिलांची पोटाची सोनोग्राफी करायचीच असेल, तर महाधमनीची सर्वांत जास्त रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून मागा. नुसत्या ‘नॉर्मल’ शेऱ्याची पुढच्या वर्षीच्या रिपोर्टशी तुलना करता येत नाही.