जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई: कुठे जमतं, कुठे अडतं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि पहिलं लिनक्स म्हणून त्याची मिंट ही आवृत्तीच टाका, असं आमचं ठाम मत आहे. मिंट २२ जुलै २०२४मध्ये आलं. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं असल्यामुळे सुरक्षेचे अपडेट २०२९पर्यंत मिळतील.

रॅम ४ जीबी असेल तर मिंटचा सिनामन हा जड डेस्कटॉप सोडा, एक्सएफसीई हा हलका घ्या. कागदोपत्री २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, पण तेवढ्या रॅममध्ये ब्राउझरचे चार टॅब उघडले की सगळं रखडतं. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर रॅमच्या आधी २.५ इंची साटा एसएसडीवर पैसे घाला. फरक तिथेच पडतो.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. घोळ होतो तो त्याच्या आधीच्या तयारीत. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि तो बंद करा. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातली फास्ट स्टार्टअप ही सोय बंद केलंच पाहिजे. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि मिंटला त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची प्रत) उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा, जुळवून बघा. मग रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून बूट होत नाही. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून, वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा. वेग मात्र तिथे जोखू नका, पेनड्राइव्ह मुळातच संथ असतो. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपचं वायफाय दिसलं नाही तर फोनवरून यूएसबी टेदरिंग करा (फोनचं इंटरनेट केबलने घ्या) आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर असण्याची शक्यता मोठी. तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करावा लागतो, पण विंडोजला आधी तयार न करता बदललात तर विंडोज बूट होणार नाही.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर इथे पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मोक’ (Enroll MOK) निवडा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की बाहेरचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि लोक उगाच मिंटला दोष देतात.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. कारण मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा दिली की प्रश्न मिटतो. पहिल्याच दिवशी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या. तो सिस्टिम परत आणतो, तुमचे फोटो नाही.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमधून लेआउट जोडला की युनिकोड टायपिंग लगेच सुरू होतं. टॅली मात्र विंडोजचंच. रोजचं काम त्यावर असेल तर विंडोज पुसू नका. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या फाइली, तो फॉन्ट नसेल तर, रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारख्या दिसतात. विंडोज हाताशी आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.