बुटाच्या खोक्यातली मराठी : सात महिन्यांनंतर

पाचवीतली लेक इंग्रजी माध्यमात. घरी मराठी, पण व्हॅनमध्ये आणि मैदानावर सगळी हिंदी. आमच्या नागपुरात हे नवीन नाही. एप्रिलच्या मराठी पेपरात तिने ‘बाईंनी शिक्षा केली’चा अर्थ ‘बाईंनी शिकवलं’ असा लिहिला, तेव्हा मात्र मी हादरलो.

आधी एका शब्दांच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली. तीन आठवड्यांत पोरगी फुगे फोडण्यात तरबेज झाली, बाकी काही नाही. चार पर्यायांतून एक निवडणं वेगळं, शब्द आपणहून आठवणं वेगळं. पैसे गेलेच.

मग लाइटनर पेटी केली. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत. बुटाच्या खोक्यात पुठ्ठा लावून पाच कप्पे केले, बर्डीच्या बाजारातून कार्डशीट आणली. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, रोज विचारायचा. आला की पुढच्या कप्प्यात, तिथली पाळी एक दिवसाआड. नंतर चौथ्या, आठव्या, पंधराव्या दिवशी. चुकला की थेट पहिल्यात. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग सावकाश. ही वाढती अंतरं त्यासाठीच.

पहिला महिना फुकट गेला, चूक माझी. कार्डं मी लिहिली, पुस्तकातले समानार्थी शब्द उतरवून. पोरीने पोपटासारखे म्हणून दाखवले, वाक्यात एकही वापरता येईना. आता कार्ड तिनेच लिहायचं, मागे अर्थ नाही, स्वतःचं वाक्य नाहीतर चित्र.

इथून मजा सुरू झाली. लाल काठाची ‘फसवे शब्द’ कार्डं ही तिचीच कल्पना. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संशोधन’ तिकडे दुरुस्ती, इकडे नवा शोध. ‘डबा खाली आहे’ म्हणजे रिकामा की टेबलाखाली, यावर अर्धा तास वाद. तान्हा पोळा हा आमच्याकडचा लहान मुलांचा पोळा, पण हिंदी ‘तनहा’मुळे तो एकट्याने करायचा पोळा, अशी तिची पाच वर्षांची समजूत होती! उलटा पेच घरातल्या बोलीचा. ‘कोथिंबीर’ तिला परकी, कारण आमच्याकडे सांबारच. ‘लोखंडाला गंज चढला’ या ओळीखाली तिने चुलीवरचं पातेलं काढलं, कारण आमच्याकडे गंज म्हणजे पातेलंच.

तक्रारीही आहेत. मे महिन्यात कूलरसमोर पेटी उघडी ठेवली आणि कप्प्यांची खिचडी झाली, सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत दहा दिवस खाडा पडला तर साठेक कार्डं तुंबली, ती बघूनच पोरगी पळाली. आता रोज नवे शब्द चारच. ऱ्हस्व-दीर्घ या पेटीने सुधारत नाही, त्याला वहीच लागते. आणि मोठ्या माणसाला रोज पंधरा मिनिटं बसावंच लागतं, ते टाळायचं असेल तर खोकं बुटांनाच ठेवा.

आमच्याकडे ती पंधरा मिनिटं सासूबाईंनी परस्पर ताब्यात घेतली आहेत. परवा त्यांनी ‘वावर’चं कार्ड घातलं. लेक म्हणाली, ‘‘आजी, पुस्तकात शेत म्हणतात.’’ ‘‘मग पुस्तकाला सांग ना बाप्पा,’’ म्हणत त्यांनी ते कार्ड पहिल्या कप्प्यात परत टाकलं.