दहा महिने, एक अख्खा उन्हाळा: गुलाबी कूलंटचा वापरानंतरचा अनुभव

गाडी डिझेल पिकअप, कूलिंग सिस्टीम साडेसहा लिटरची. फेऱ्या संभाजीनगर–बीड–धाराशिव, माल बहुतेक सोयाबीन नाहीतर सरकी. कूलंट एथिलीन ग्लायकॉलचं, ओएटी प्रकारचं (सेंद्रिय आम्लांची गंजरोधक द्रव्यं असलेलं) कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी मिसळून वापरायचं. ऑगस्टात भरलं, आता जून. २६ हजार किलोमीटर झाले. डब्यावर ‘उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही’ असं ठळक छापलंय. परभणीची थंडी कितीही कडाक्याची म्हटली तरी त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. इकडे दोनच गोष्टी बघायच्या: उकळतं किती अंशांवर, आणि आत गंज-खार धरू देतं का.

उकळण्याच्या बाबतीत तक्रार नाही. संभाजीनगरच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ५०-५० मिश्रण १०५ च्या पुढे टिकतं, आणि रेडिएटरचं ०.९ बारचं झाकण धड असेल तर १२५ च्या आसपास जातं. मे महिन्यात भर दुपारी, भरल्या गाडीनं मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या जरासा वर गेला आणि तिथंच थांबला. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर मात्र कितीही महागाचं कूलंट घाला, दाब धरत नाही आणि टाकीतून बाहेर येतं. कूलंट बदलताना झाकणही नवं टाकावं.

खरा प्रश्न कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी कोणतं मिसळायचं हा. आपल्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या बादलीला महिन्याभरात पांढरा थर येतो. तोच थर सिलिंडर हेडच्या गरम भिंतीवर आणखी लवकर बसतो. मग टाकीत कूलंट काठोकाठ, तरी इंजिनची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वर कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं वाया जातात ती वेगळी. थंड पाण्याचा जारही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घ्यावं; बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन सहज मिळतो.

भरताना एक हिशेब हमखास चुकतो. रेडिएटरचा खालचा नळ सोडला की साडेचार लिटरच बाहेर येतं, दोन लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं. फ्लश केल्यावर, म्हणजे आतून पाण्यानं धुतल्यावर, ते दोन लिटर म्हणजे नुसतं पाणी. त्यावर ५०-५० मिश्रण किंवा रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) साडेचार लिटर ओतलं, की आतलं प्रमाण ३५ टक्क्यांवर येतं. म्हणून आधी सव्वातीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओतायचं, मग डीएम पाण्यानं भरत आणायचं. शेवटचा फ्लशही डीएम पाण्याचाच, नाहीतर बोअरचं पाणी ब्लॉकमध्ये राहिलंच. नुसतं कॉन्सन्ट्रेट घातलं तर जास्त थंडावा मिळेल हाही गैरसमज. ग्लायकॉल पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही.

हवा काढल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन आयडलवर चालू ठेवा, वरचा होज अधूनमधून दाबा. ८०–८५ अंशांना थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) उघडला की खालचा होजही गरम लागतो आणि टाकीतली पातळी एकदम उतरते. मग मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकायची सवय इकडे बऱ्याच गॅरेजांत आहे. त्यानं इंजिन हवं तेवढं तापतच नाही, ॲव्हरेज पडतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. ते दुखणं बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला सोयाबीनचा भुसा असतो. हवेचा पाइप इंजिनच्या बाजूनं बाहेर मारला की निघतो.

दहा महिन्यांत टाकीची पातळी बोटभर उतरली, डीएम पाण्याचं टॉप-अप पाव लिटरही लागलं नाही. रंग टिकला आहे, झाकणाखाली गंज नाही. वॉटर बॉडीखालचं (पाण्याच्या पंपाखालचं) छोटं छिद्र बघावं: तिथं गुलाबी खपली दिसली की सील गेलं. ऑइलच्या झाकणाआत दुधाळ साय दिसली आणि पातळीही उतरत असेल तर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) तपासून घ्या. काटा चढता चढता अचानक थंडावर पडला तर सुटकेचा नि:श्वास टाकू नका; सेन्सर कोरडा पडल्यावरही असंच होतं. इंजिन तिथंच बंद करा, निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका आणि तापल्या हेडवर गार पाणी ओतू नका.

उणी बाजू: डब्यावर मापाच्या रेषा नाहीत, वेगळं माप लागतं. शिवाय लेबलावर ओएटी हा शब्द मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. आधीचं हिरवं कूलंट आत असताना नुसता रंग बघून दुसरं मिसळलं तर गंजरोधक शक्ती घटते, कधी गाळही धरतो. आणि रंगावरून प्रकार कळतो असंही नाही, दोन कंपन्यांचं हिरवं वेगवेगळं असू शकतं.

आणि काढलेलं जुनं कूलंट. ते चवीला गोड असतं. कुत्रं, शेळी सहज तोंड लावते आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरते. गॅरेजच्या दारात किंवा हौदाजवळ ओतू नये, आणि रिकाम्या डब्यात पाणी तर अजिबात भरू नये.