नागपूर एअरपोर्ट: छोटं आहे पण आपलं आहे
सोनेगावचं आपलं एअरपोर्ट मला तरी लय आवडते भाऊ, कारण दारातून आत शिरलं की चेक-इन, सिक्युरिटी, गेट सगळं हाकेच्या अंतरावर, मुंबईसारखी पायपीट नाही. २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि आताचं टर्मिनल २००८ चं, तेही १४ एप्रिललाच सुरू झालं. पण खरी मजा जुन्या गोष्टीत आहे, दुसऱ्या महायुद्धात इथं ब्रिटिशांची विमानं उतरायची आणि मग १९४९ पासून रात्रीची टपाल सेवा, म्हणजे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून विमानं मध्यरात्री इथं यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत, देशाच्या मधोमध असल्याचा असा फायदा बघा!
आता तक्रार. नावात आंतरराष्ट्रीय, पण बाहेरदेशी जायचं तर शारजा, दोहा अशी बोटावर मोजण्याइतकीच नावं. मेट्रोचं स्टेशन वर्धा रोडवर, टर्मिनलच्या दारात नाही, बॅगा जास्त असल्या तर सरळ ऑटो करा. आतला चहा महाग, तो काय सगळ्याच एअरपोर्टवर असतो म्हणा. संत्रा बर्फी मात्र गावातूनच घेऊन निघा. पाचपैकी साडेतीन.